बघायला नेलेली कट्यार

मी शस्त्रांची तज्ञ आहे, हे मला अवसरीहून आलेल्या पत्रामुळे कळलं. तोपर्यंत माझी समजूत अशी होती, की आपण नाशिकच्या एका लहानशा खासगी वस्तुसंग्रहालयात सव्वीस वर्षं वस्तूंखालच्या चिठ्ठ्या लिहिल्या आणि गुपचूप निवृत्त झालो. 'अडकित्ता, पितळी.' 'पानदान, झाकण हरवलेले.' संग्रहालयाच्या मालकांना हत्यारांचा भारी नाद, त्यामुळे त्यातल्या निम्म्या चिठ्ठ्या तलवारी-खंजिरांच्या. निवृत्तीनंतर एका दिवाळी अंकाला पानं कमी पडत होती, तेव्हा मी त्यावर एक लेख लिहून दिला. तो कुणी वाचेल, अशी भीती मला किंवा संपादकांना कधी वाटली नव्हती.

पण वाचला होता. लेखावर नावाची नुसती आद्याक्षरं होती, म्हणून पत्र 'श्रीयुत' असं आलं. अवसरी बुद्रुकच्या पुढे मळ्यात राहणारे अण्णासाहेब नावाचे बागायतदार लिहीत होते. त्यांच्या घराण्यात महाराजांच्या काळातली एक कट्यार आहे. मे महिन्यात नातवाचं लग्न आहे, तेव्हा नवरदेवाच्या हातात तीच कट्यार असणार. तरी आपण येऊन तिची तपासणी करावी आणि दाखला द्यावा, तो मांडवात वाचून दाखवण्यात येईल. आळेफाट्याला जीप येईल. शेवटी वेगळ्या शाईत एक ओळ होती: 'आपल्यासाठी मासवडीचा बेत केला आहे.'

खरं सांगायचं तर मी मासवडीसाठी गेले. ही २००२ सालच्या मे महिन्यातली गोष्ट.

आळेफाटा

नाशिक-पुणे एसटी तशीही मंचरवरून जाते, मग मला आळेफाट्याला का उतरवलं, याचं कोडं तिथे सुटलं. अण्णासाहेबांची जीप तिथल्या एका गॅरेजात दुरुस्तीला आलेली होती. एका फेरीत दोन कामं.

ज्यांनी आळेफाटा पाहिला नाही त्यांना सांगते, तिथे चार दिशांना जाणारे लोक एकाच टपरीवर चहा पितात आणि एकमेकांना चुकीच्या गाडीत बसवतात. ट्रकवाल्यांची हॉटेलं, पंक्चरवाले, नगरकडे जाणाऱ्या गाड्यांचे पुकारे. त्या गर्दीत एक ड्रायव्हर खोक्याचा पुठ्ठा छातीशी धरून उभा होता. पुठ्ठ्यावर 'तज्ञ साहेब' लिहिलं होतं. मी पुढे होऊन म्हटलं, "मीच ती."

त्याने माझ्याकडे, मग माझ्या कापडी पिशवीकडे बघितलं. "तुमी नाय ओ ताई. साहेब यायचेत. तुमी कडंला सावलीत उभ्या ऱ्हावा, उनाचं कशाला तरास."

मी पिशवीतून पत्र काढेपर्यंत सफारी घातलेल्या एका गृहस्थांनी त्याला विचारलं, "काय हो, मंचरकडे जाता का?" त्यांच्या हातात लांबट काळी पेटी होती. ड्रायव्हरने पेटी बघितली, लवून नमस्कार केला, साहेबांना पुढच्या सीटवर बसवलं आणि जीप निघून गेली. मला मागे राहिली ती धूळ.

मी शांतपणे मिसळ खाल्ली. नाशिकची मिसळ खाऊन वाढलेल्या माणसाने आळेफाट्याच्या मिसळीबद्दल काही बोलू नये, म्हणून बोलत नाही. मग एसटीने मंचर, तिथून सहा जणांच्या रिक्षात अकरावी म्हणून अवसरी, आणि तिथून मळ्यापर्यंत पायी.

मळ्यातल्या ओसरीवर सफारीवाल्यांच्या अंगावर शाल होती, मांडीवर नारळ होता आणि पुढ्यात मासवडीचं ताट होतं. ते औषध फवारायच्या पंपांचे विक्रेते होते. आपण कोण, हे त्यांनी म्हणे दोनदा सांगायचा प्रयत्न केला, पण तज्ञ लोक विनयाने बोलतात असं समजून कुणी ऐकलं नाही. शेवटी कट्यार त्यांच्यासमोर आणली, तेव्हा भिडेपोटी ते म्हणाले, "साडेतीनशे वर्षं सहज असेल." यजमानांचा आकडाही तोच निघाला, आणि सगळे खूश झाले.

मला बघून बिचाऱ्यांचा जीव भांड्यात पडला. "या, या मॅडम," म्हणत ते उठले, पेटी उचलली आणि शालीसकट निघून गेले.

अण्णासाहेब सत्तरीचे, उंच, मिशा अजून काळ्या राखलेल्या. त्यांनी माझ्याकडचं पत्र स्वतःचंच अक्षर असूनही दोनदा वाचलं. "म्हंजी तुमी बाई हाय व्हय?" हे मला नाकारता आलं नाही. घरात दुसरी शाल नव्हती. तेव्हा अण्णांच्या पत्नीने, माईंनी, खण-नारळाने माझी ओटी भरली. तज्ञाचा मान पंपवाल्यांना मिळाला आणि मला सवाष्णीचा.

अवसरी, मळा

दुसऱ्या दिवशी सकाळी कट्यार ओसरीवर आणली. सोबत जुन्नरचे गुरुजी होते. शाळेतून निवृत्त झाल्यापासून ते इतिहास संशोधन करत, आणि मुख्यत्वे ज्याच्या घरी जेवण चांगलं त्याच्या घराण्याचा करत. अण्णांच्या घराण्यावर त्यांनी एक पुस्तिकाही लिहिली होती.

लाल कापड उलगडलं. मी बघितलं, आणि मला हसू आवरायला चष्मा पुसावा लागला.

कट्यार नव्हतीच ती. वाकडा खंजीर होता. मूठ वर पसरत गेलेली, मोराच्या उघडलेल्या पिसाऱ्यासारखी. पितळी म्यान टोकाला वर वळलेलं आणि त्याच्या दोन्ही बाजूंना कान, कानांत दोन कड्या. अशीच एक वस्तू आमच्या संग्रहालयात खिडकीजवळच्या कपाटात होती, कुणा निवृत्त लष्करी अधिकाऱ्याने दिलेली. सव्वीस वर्षं मी तिची धूळ झटकली होती. तिची चिठ्ठी माझ्याच हातची: 'खंजीर, मोरोक्को. कड्यांत दोरी ओवून खांद्यावरून लटकवतात.'

"मोर बघा," गुरुजी म्हणाले. "मूठ मयूराकृती. म्हणजे राजघराण्याचा संबंध आलाच. या दोन कड्या घोड्याच्या जिनाला बांधायच्या. आणि पातं वाकडं का? सरळ हत्यार सरळ लढाईला. वाकडं हत्यार गनिमी काव्याला."

अण्णा माझ्याकडे आशेने बघत होते. मी "हं" म्हटलं. सव्वीस वर्षांच्या नोकरीत मालकांसमोर मी 'हं' शिवाय फार काही बोलले नव्हते.

आमच्याकडे लग्नात नवरदेवाच्या हातात नारळ देतात आणि मामाला 'पडू देऊ नको' असं बजावतात. इकडे हळद लागली की त्याच्या हातात कट्यार येते, टोकाला लिंबू खोचलेलं, म्हणजे कुणाची नजर लागत नाही. अण्णांचा नातू अंगणात त्याचा सराव करत होता. सरळ कट्यारीवर लिंबू आपसूक राहतं. या वाकड्या टोकावरून ते चार पावलांना घरंगळायचं आणि कोंबड्या पाठीमागे धावायच्या. पन्नास वर्षं साऱ्या भावकीतल्या नवऱ्यांनी हीच वापरलेली, त्यामुळे टोकाचं पोलाद लिंबांनी खाल्लं होतं. मागचं अर्धं म्यान तर हळद, कुंकू आणि शेंदराच्या थराखाली दिसेनासं झालं होतं.

"हे घासावं लागेल," मी म्हटलं. गुरुजी दचकले. पूजेतली वस्तू घासत नाहीत, त्याने पावित्र्य जातं, असं त्यांचं मत पडलं.

तेवढ्यात आतून माईंचा आवाज आला. "घासायचं असंल तर हिकडं द्या. घासणं आमचं काम."

दुपारी जेवणं झाली. मासवडीबद्दल ऐकून होते, पण पानात पडली तेव्हा कळलं. बेसनाची पोळी, आत तीळ-खोबरं-लसणाचं सारण, कापलेल्या वड्यांचा आकार माशासारखा, सोबत डोळ्यांत पाणी आणणारा काळा रस्सा आणि बाजरीची भाकरी. मासा औषधालाही नाही. ओसरीवरच्या कापडातल्या वस्तूतही महाराज तेवढेच होते. मात्र मासवडीत मासा आहे, असा दाखला कुणी मागत नाही, आणि म्हणून ती मी समाधानाने खाऊ शकले.

पुरुष मंडळी लवंडल्यावर माईंनी मला मागच्या पडवीत बोलावलं. पुढ्यात म्यान, वाटीत भिजवलेली चिंच. त्या घासत राहिल्या, मी पाणी घालत राहिले. शेंदूर गेला, खालची हळद गेली, आणि पिवळ्या पितळेवर ठिपके दिसू लागले. आपल्याकडे लग्नातल्या भांड्यांवर ठोकून ठिपक्यांनी नाव घालतात ना, तसेच. आधी नाव, मग गाव. मी बोट ठेवून वाचलं.

'सखाराम भिकाजी, आफ्रिका.'

माईंना आश्चर्य वाटलं नाही. "मला ठाव व्हतं. दरसाल खंडेनवमीला मीच पुसते आन् मीच वरनं शेंदूर लावते. आधी मला वाटायचं नक्षी हाय. पाचसहा सालामागं साक्षरतेचा वर्ग आला गावात, तवा म्हातारपणी वाचाया शिकले. शिकल्यावर घरातलं पयलं हेच वाचलं."

मग त्यांनी सगळं सांगितलं. सखारामबाबा गावातलाच, महारवाड्यातला. महायुद्धात खेचरांच्या पलटणीत होता, आफ्रिकेत जाऊन आला. येताना ही वस्तू घेऊन आला आणि जुन्नरच्या बाजारात तिच्यावर आपलं नाव ठोकून घेतलं. भांड्यावाल्याने गाव विचारलं, तेव्हा त्याने, वस्तू जिथली तिथलं नाव घाल, म्हणून सांगितलं. पुढे माईंचं लग्न ठरलं. सासऱ्यांनी ऐकलं, की सखारामाकडे मोराची कट्यार आहे. त्यांनी ती बघायला म्हणून मागवून घेतली.

"मी अंतरपाटाखालनं पयली ती कट्यार बघितली," माई म्हणाल्या. "नवरा नंतर. आमी दोगी एकाच आठवड्यात ह्या घरात आलो. मला निदान मागणी घालून आणली व्हती."

"मग परत नाही दिली?"

"दर दसऱ्याला त्यो सोनं द्यायला यायचा. पायरीखाली उभं ऱ्हाऊन इचारायचा, 'बघून झाली का?' मामंजी म्हणायचे, 'अजून न्हाई.' पुढं त्या लोकांनी बौद्ध धर्म घेतला. सोनं द्यायला यायचा बंद झाला. पण इचारायला यायचा बंद झाला न्हाई. त्याच दिवशी, पांढरा सदरा घालून. 'बघून झाली का?' मामंजी गेले, मग आमचे हे म्हणायला लागले, 'अजून बघतोय.' मरंपतूर आला बिचारा."

गाव मात्र त्याला हसायचं. मसाल्याच्या पुरचुंडीच्या बदल्यात असलं हत्यार मिळालं, असं तो सांगे. लोक म्हणायचे, कसला आफ्रिकेला जातोय, देवळालीच्या छावणीत खेचरं धूत असेल. पलटणीची कागदपत्रं वाळवीने खाल्ली. उरला पुरावा एकच, आणि तो अण्णांच्या भिंतीवर काचेच्या पेटीत महाराजांच्या नावाने टांगलेला. 'थापाड्या सखाराम' हेच नाव त्याला शेवटपर्यंत चिकटलं.

"नाव कुणीबी ठोकून घील, असं हे म्हणतील," माई म्हणाल्या. "म्हणून तुमाला पत्र धाडायला मीच लावलं. ही खरीच तिकडची हाय का, तुमाला कळंल का?"

"सकाळीच कळलं."

"मग बोलला का न्हाई?"

मी मासवडीचा विचार करत होते, हे सांगायची सोय नव्हती. लाज वाटली. चिंचेची वाटी उचलून मी उगाच मोरीत गेले.

जुन्नर

तिसऱ्या दिवशी गुरुजींनी मला जुन्नरला नेलं. शिवनेरी समोर दिसत होता, पण गुरुजींनी मला छापखान्यात बसवलं. पुस्तिकेचे गठ्ठे बांधून तयार होते. मुखपृष्ठावर कट्यारीचा फोटो उलटा छापला गेला होता, त्यामुळे मोर डोक्यावर उभा होता. आत लिहिलं होतं: 'बाहेरगावच्या एका नामांकित तज्ञाच्या मते ही कट्यार साडेतीनशे वर्षांपूर्वीची आहे.' पंपवाले जीपमधून उतरून पुरते दोन दिवसही झाले नव्हते.

माझा दाखलाही टाइप करून ठेवला होता. 'प्रत्यक्ष तपासणीअंती' पासून सगळं होतं, फक्त सही बाकी.

मी म्हटलं, "गुरुजी, हा खंजीर मोरोक्कोचा आहे."

गुरुजींनी मान डोलावली. त्यांनी धक्का बसू दिला नाही. "मोरोक्को म्हणजे नेमकं कुठे?"

"आफ्रिकेच्या वरच्या टोकाला. समुद्राकाठी."

"मग महाराजांनी मागवली असेल," ते म्हणाले. "आरमार होतंच की."

मी ठिपक्यांबद्दल सांगितलं. त्यांनी उपरण्याने चष्मा पुसला. "मॅडम, खरं काय आणि मांडवात काय वाचायचं, हे दोन वेगळे विषय आहेत. तुम्ही चार दिवसांच्या पाहुण्या. अण्णा किती हौसेने करतायत ते बघा. एका सहीने कुणाचं काय जातं?"

त्यांनी पेन पुढे केलं. मी ते हातात घेतलं, हे इथे कबूल करते. माणसाला आयुष्यात पहिल्यांदा कुणी तज्ञ म्हटलं, की ते पद टिकवायला तो काहीही करायला तयार होतो. अक्षर काढण्याइतकं पेन कागदाजवळ गेलं होतं. मग मला ते 'सकाळीच कळलं' आठवलं, आणि "विचार करून देते" असं म्हणून मी कागद पर्समध्ये घातला. नकार द्यायचं धैर्य तेवढ्यानेही आलं नव्हतं.

शिनोली

सखारामबाबाची बायको, सोनाबाई, नवरा गेल्यावर शिनोलीला लेकीकडे राहायला आली होती. माईंनी सांगितलेल्या खुणेने मी घोडेगाववरून तिथे पोचले. घरासमोर तट्ट्यावर हिरडा वाळत घातलेला, आणि त्यात बसून एक बारकी म्हातारी खडे निवडत होती. दाराच्या आत बुद्धाची तसबीर दिसत होती.

मी कोण, ते सांगितलं. तिने मला पितळी भांड्यातून पाणी दिलं. भांड्याच्या काठाखाली तशाच ठिपक्यांत नाव होतं, त्याच हाताचे ठोके. मी विचारलं, खंजीर कसा मिळाला.

"मसाल्यावर," ती म्हणाली आणि थांबली. मी हसते का, ते ती बघत होती. मी हसले नाही, तेव्हा पुढे बोलली. "माज्या सासूनं कांदा-लसणाचा मसाला धाडला व्हता बांधून. तिकडं डोंगरात ह्यांच्या शेजारी दुसरी एक पलटण व्हती, तिबी खेचरांची. त्यातला एक शिपाई, टोपरं असलेला लांब लोकरी झगा घातलेला, रोज ह्यांच्या भाकरीकडं बघायचा. यांनी एक दिस मसाला लावून तुकडा दिला. खाऊन रडला म्हनं तिखटानं, आन् परत मागाया आला. ह्याला त्याची भाषा येत नाय, त्याला ह्याची येत नाय. खेचराची तेवढी दोघांना यायची. जाताना सगळी पुरचुंडी मागितली, आन् गळ्यातनं काढून ही दिली."

टोपरं असलेला लांब लोकरी झगा. मोरोक्कोच्या डोंगरी शिपायांचा पोशाख तोच, हे मला पुस्तकात वाचून ठाऊक होतं. अवसरीत बसून तो झगा कुणी रचू शकला नसता. पर्समधला कागद मला एकदम जड वाटायला लागला.

"तुम्हाला तो परत मिळायला हवा," मी म्हटलं.

"मला काय करायचाय? भाजी चिरू का तिनं?" सोनाबाई म्हणाली. मग हातातला हिरडा तिने खाली ठेवला. "बाई, माणूस खोटा नव्हता. लई लोकांनी खोटा म्हटला त्याला. माज्या तोंडावर म्हटला. चार माणसांत एकदा कुणीतरी म्हणा, का खोटा नव्हता. मंग ती कट्यार ऱ्हाऊ द्या त्यांच्याकडं हजार वर्सं."

परतीच्या एसटीत मी गुरुजींच्या दाखल्याच्या पाठीमागे माझी चिठ्ठी लिहिली. सव्वीस वर्षांत लिहिलेली सगळ्यात लांब.

पुन्हा मळा

हळदीच्या दिवशी मांडव भरला होता. माईंनी कुणाला न विचारता सोनाबाईला आवतण धाडलं होतं आणि बायकांत पहिल्या रांगेत बसवलं होतं. अण्णांनी ते बघितलं, माईंकडे बघितलं आणि काही बोलले नाहीत. पन्नास वर्षांच्या संसारात कधी बोलायचं नाही, एवढं त्यांना कळत असावं.

नवरदेव पिवळाधमक होऊन बसला होता. कमरेला म्यान, हातात खंजीर, टोकाला लिंबू, आणि ते पडू नये म्हणून कुणीतरी दोऱ्याने बांधलं होतं. गुरुजींनी माइकवरून माझी ओळख 'नाशिकच्या थोर विदुषी' अशी करून दिली. माइकने जोरात शिट्टी मारली.

मी कागद काढला, उलटा केला आणि वाचलं.

"खंजीर, पोलादी, पितळी म्यानासह. मोरोक्को देशातला, उत्तर आफ्रिका. महायुद्धात खेचरांच्या पलटणीतले अवसरीचे सखाराम भिकाजी यांनी तिथल्या एका शिपायाकडून मिळवला. जुन्नरच्या बाजारात म्यानावर आपलं नाव घालून घेतलं, ते अजून वाचता येतं. टोक लिंबाने झिजलेलं. सखाराम भिकाजी आफ्रिकेत गेले होते आणि ते त्याबद्दल जे सांगत होते ते खरं होतं."

मग गुरुजींनी माइक ओढून घेतला. "हे एक मत झालं! आधीच्या तज्ञांनी साडेतीनशे वर्षं सांगितली आहेत, ते विसरून चालणार नाही!"

मागून कुणीतरी ओरडलं, "कोण, ते पंपवालं पावणं? आवो, जाताना त्यांनी मला पंप इकला. दोन दिसांत गळायला लागला, राव!"

मांडव हसला. त्या हशात सोनाबाई उठली. कुणी अडवलं नाही. ती ओसरीच्या चौथऱ्याशी गेली आणि पायरीखाली उभी राहिली. तिचा नवराही तिथेच उभा राहायचा, हे तिला ठाऊक असणारच.

"अण्णा," ती म्हणाली, "बघून झाली का?"

अण्णांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. त्यांनी मिशीवरून हात फिरवला, मांडवाकडे बघितलं, भिंतीवरच्या रिकाम्या काचेच्या पेटीकडे बघितलं. मग पायरी उतरून खाली आले.

"झाली," ते म्हणाले. "बघून झाली, वैनी. मला ठाव व्हतं. आमच्या बाच्या हातात सखारामानं दिली, मी तितंच व्हतो. पर बघता बघता आपलीच वाटायला लागली."

त्यांनी नातवाच्या हातून खंजीर काढून तिच्या हातात दिला, लिंबासकट आणि म्यानासकट. तिने म्यान उलटं केलं. तिला वाचता येत नव्हतं. एकेका ठिपक्यावरून बोट फिरवत ती शेवटच्या ठिपक्यापर्यंत गेली. मग तिने म्यानासह खंजीर नवरदेवाला परत दिला.

"ने," ती म्हणाली. "पोराचं लगीन आडवू नये. पर भोंग्यावरनं सांगून ने, कुणाची हाय ती. लगीन झालं का आणून द्या."

गुरुजींना ते माइकवरून सांगावं लागलं. माझ्या माहितीत त्यांचं छापून न आलेलं हे पहिलंच संशोधन.

पुन्हा शिनोली

लग्न झालं त्याच्या दुसऱ्या सकाळी मी निघायच्या तयारीत होते. अण्णा जीपपाशी उभे होते, बगलेत लाल कापडातली वस्तू. "मॅडम, वाईच शिनोलीपतूर चला. मग तुमाला मंचरला सोडतो. मला तिचं घर ठाव न्हाई."

माई आधीच मागच्या सीटवर बसल्या होत्या.

सोनाबाईने आम्हाला आत बोलावलं. अण्णा दारात क्षणभर थांबले, मग डोकं वाकवून आत आले आणि सतरंजीवर बसले. त्यांनी कापड सोडलं. म्यान वेगळं होतं आणि खंजिराच्या टोकाला ते लिंबू तसंच होतं. वरातीतून घरी आल्यावर ते ओवाळून टाकायचं असतं, पण गडबडीत राहून गेलं होतं. सोनाबाईने खंजीर तसबिरीखालच्या फळीवर ठेवला, दोरा सोडून लिंबू काढलं आणि आत गेली.

ती आली ती सरबत घेऊनच.

अण्णा चपापले. "वैनी, ते लिंबू... नजर उतरायचं व्हतं ते. पोराला लागलेली सगळी नजर त्यात आली आसंल."

"आमच्यात नजर लागत न्हाई, अण्णा," सोनाबाई म्हणाली. "प्या."

अण्णांनी पितळी भांडं हातात घेतलं. पिताना ठिपके डोळ्यांसमोर आले, तसे ते थांबले आणि भांडं जरा लांब धरून ओठ हलवत वाचू लागले. मी माझ्या हातातल्या भांड्यावर वाचलं. तेच नाव होतं, गाव तेवढं वेगळं. 'सखाराम भिकाजी, अवसरी.'

माईंनी आपलं सरबत संपवून भांडं खाली ठेवलं आणि नवऱ्याकडे बघितलं. अण्णांनी सगळं सरबत एका दमात प्यायलं आणि भांडं पुढे करून आणखी मागितलं.